चार नंबर चारीची यादी

आमच्या बैठकीच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी एक टेबल होतं आणि त्या टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली कॉम्प्युटर झाकून ठेवलेला असायचा. रुमाल आईनं विणलेला, मधोमध मोर. कॉम्प्युटर आमचा नव्हता, पाणी वापर संस्थेचा होता. पण संस्थेचं ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक गळकी खोली, आणि तिथं उंदरांनी वायरी कुरतडल्या तेव्हापासून तो सचिवांच्या घरी राहील असं ठरलं. सचिव म्हणजे आमचे अण्णा. अण्णा कॉम्प्युटरला कधी हात लावायचे नाहीत. शेजारी लोखंडी खुर्चीवर बसून, चष्मा कपाळावर ढकलून ते नावं सांगायचे आणि मी टाईप करायची. मी तेव्हा नेवाशाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आणि कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेली गावातली मी दुसरी मुलगी. पहिलीचं लग्न झालं होतं, म्हणून गावाच्या दृष्टीनं मीच एकटी.

कालव्याचं पाणी आमच्या शिवारात चार नंबरच्या चारीनं येतं. चारी म्हणजे कालव्यातून फुटणारा लहान पाट, सगळा मिळून अडीच-तीन मैलांचा. कालवा सुटला की चारीला थोडेच दिवस पाणी मिळतं, आणि तेवढ्यात कुणाच्या रानात किती तास, कुणाच्या आधी, कुणाच्या मागून, ही पाळी संस्थेनं लावायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांची रानं कालव्याच्या तोंडाशी ते आधी पोटभर घेणार, आणि शेवटाकडच्यांना, ज्यांना सगळे टेलवाले म्हणतात, चारीच्या तळाचा वाळलेला गाळ बघायला मिळणार, हे इतकं अंगवळणी पडलेलं की टेलवाल्यांनी गहू पेरणंच सोडून दिलं होतं. पूर्वी पाळीची यादी वहीत असायची. आज लिहिलेलं नाव उद्या खोडलेलं, आठ तासांचे अठरा झालेले, आणि मग मारुतीच्या पारावर एकमेकांच्या गचांड्या धरलेल्या. अण्णा सचिव झाले आणि त्यांनी हट्टानं एक ठराव करून घेतला: हातानं लिहिलेली यादी चालणार नाही, कॉम्प्युटरमधून निघेल तीच खरी. ह्या ठरावाचा त्यांना केवढा अभिमान होता! रस्त्यात भेटेल त्याला ते तो तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

यादीचा प्रोग्रॅम गावातल्याच एका मुलानं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला करून दिला होता. त्याचं नाव साधं 'पाणी'. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, गुंठे आणि पीक भरलं की तो तास काढायचा आणि सगळ्यात लांबच्याला आधी, मग हळूहळू तोंडाकडे, अशी पाळी लावून तारखा घालायचा. मुलगा पुढे परदेशी गेला, त्याचे आईवडील गाव सोडून गेले, आणि मागं राहिली एक सीडी. त्या सीडीची आमच्या घरी जी बडदास्त होती ती जावयाचीही नव्हती. दसऱ्याला फावडं, कुदळ, विळा आणि मोटारीचा स्टार्टर यांच्या ओळीत ती पाटावर मांडली जायची, चकचकीत बाजू वर, कारण ती बाजू देखणी. आई तिला हळदकुंकू वाहायची, ओल्या बोटानं गंध लावायची, अक्षता टाकायची, झेंडूचं फूल ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पदरानं खसाखसा पुसून कव्हरात घालायची. असे पाच दसरे झाले. ज्याच्यावर गावाचं पाणी चालतं त्याची पूजा नको का, असं तिचं म्हणणं, आणि आम्हा कुणालाच, कोर्स केलेल्या मलासुद्धा, त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

जुना कॉम्प्युटर त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेला. सकाळी बटण दाबलं, आतून रॉकेलच्या स्टोव्हसारखा आवाज आला, जळका वास सुटला आणि संपलं. संस्थेनं नवा घेतला. तो बसवायला नेवाशाहून संतोष आला. दुकानात सगळे त्याला इंजिनिअर म्हणायचे, त्यालाही ते आवडायचं, आणि मुलगा खरंच गुणी होता. त्यानं सीडी मागितली. आईनं देवघरातून आणून दोन्ही हातांनी दिली. त्यानं ती घातली, काढली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली, आणि शेवटी खिडकीतल्या उजेडात धरून बघत बसला.

"काकू, ह्याच्यावर काय सांडलं होतं? तिखट?"

"तिखट कशाला सांडंल? कुंकू हाय ते. दसऱ्याचं."

"ह्या बाजूनं?"

"मंग? मागल्या बाजूला कोन वाहतं व्हय?"

संतोष हसला नाही, हे मला त्याचं आजही मोठेपण वाटतं. त्यानं फक्त सांगितलं की आता ही सीडी वाचली जाणार नाही, आणि प्रोग्रॅमची दुसरी सीडी तर कुणाकडंच नव्हती. आईचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मग त्यानं जळलेल्या कॉम्प्युटरमधून डिस्क काढली, ती जिवंत निघाली, तिच्यातला 'पाणी'चा सगळा फोल्डर उचलून त्यानं नव्यात ठेवला. जाताना म्हणाला, "हे लई जुनं आहे आणि विंडोज नवी आहे. चाललं तर चाललं." आईनं त्याला डबाभर करंज्या दिल्या. सीडी मात्र तिनं फेकली नाही, देवघरातच परत ठेवली.

चाललं, पण रडतखडत. पहिल्या दिवशी लाल फुलीची एक पाटी आली की अमुक नावाची फाईल सापडत नाही. मी ते नाव एकेक अक्षर करून वहीत उतरवलं, एसटीनं नेवाशाला गेले, संतोषनं जुन्या डिस्कमधून ती फाईल शोधून पेनड्राइव्हवर दिली. मग प्रोग्रॅम उघडला पण तारखा भरकटल्या. चार जानेवारीची पाळी एप्रिलात जाऊन पडायची. एप्रिलात आमच्याकडे गहू पोत्यात असतो! हे कोडं मी एकटीनं सोडवलं. नव्या सिस्टीमला महिना आधी आणि दिवस मागून लिहायची सवय होती, जुन्या प्रोग्रॅमला दिवस आधी. मी सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला आणि सगळ्या तारखा जागेवर आल्या. अण्णांनी एसटी स्टँडवर, दूध डेअरीवर, सोसायटीत, "आमच्या मनीनं तारखा सरळ केल्या," असं सांगितलं. मी आज पुण्यात एका कंपनीत हेच काम करते. फोनवरून लोकांचे अडलेले प्रोग्रॅम चालू करून देते, पगारही बरा आहे. पण त्या तारखा सरळ झाल्या तेव्हा जो आनंद झाला तो पुन्हा काही वाट्याला आला नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा आणि मी टेलकडची सतरा घरं फिरलो. चारीची दुरुस्ती झाली होती, पाणी आता शेवटापर्यंत पोचणार होतं, पण ह्या सतरा जणांची नावं यादीत कधी नव्हतीच. अण्णा पुढं टेप धरून, मी मागं वही घेऊन. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत जायचे, आमच्या अंगावर पाचट उडायचं. प्रत्येक घरात चहा व्हायचा आणि अण्णा प्रत्येक घरात तो प्यायचे, कारण एकाचा पिऊन दुसऱ्याचा नाही म्हटलं तर गावभर होतं. अगदी शेवटचं रान गयाबाईचं होतं. नवरा वारलेला, मुलगी सासरी, दोन एकर जमीन ती एकटी करायची. तिनं आम्हाला शेणीच्या आगटीत भाजलेला हुरडा चोळून दिला आणि अण्णांना सरळ विचारलं, "भाऊ, गहू टाकू का? का दरसालासारखा हरबराच?" अण्णांनी दुरुस्त झालेल्या चारीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "टाका गहू." वर्षानुवर्षांत त्या कोपऱ्यात पहिल्यांदा गहू पेरला गेला, तो अण्णांच्या ह्या दोन शब्दांवर. घरी येताना त्यांनी सायकल थांबवून वहीत तिचं नाव पुन्हा बघून घेतलं.

सतरा नावं मी दोन महिन्यांत भरली. चोपन्नाची यादी एकाहत्तराची झाली. चेअरमन रावसाहेबांनी तोंडाकडं दोन एकर नवीन घेतले होते, तेही त्यातच भरले. रोज उघडलं की सगळं दिसायचं. एकच अडचण राहिली: प्रिंट द्यायला गेलं की प्रोग्रॅम पटकन बंद पडायचा. कालवा रविवारी सुटणार होता. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पारावर यादी वाचायची, चेअरमनची सही घ्यायची आणि मारुतीच्या भिंतीला चिकटवायची, की मग त्या पाळीत कुणाला बोट घालता येत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी संतोषला बोलावलं. त्या आठवड्यात लाईट सकाळी दहाला जायची ती चारला यायची. संतोष नऊला आला, खटपट करून साडेनऊला म्हणाला, "आता ह्याला अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू." म्हणजे काय, असं आईनं आतून विचारलं. मी म्हटलं, म्हणजे मालकाच्या हक्कानं. प्रिंटर खडखडला, तीन कागद बाहेर आले, संतोष पोहे खाऊन गेला, आणि बरोबर दहाला लाईट गेली.

अण्णांनी कागद उन्हात नेले, चष्मा खाली घेतला आणि वाचू लागले. मी त्यांच्याकडं बघत होते. शेवटच्या पानावर ते थांबले, परत पहिल्या पानावर गेले, बोटानं मोजलं. "मने," ते म्हणाले, "चोपन्नच हायेत."

मी धावत जाऊन बघितलं. सतराच्या सतरा नावं नव्हती. दिवाळीपूर्वीची, जुन्या कॉम्प्युटरमधली यादी जशीच्या तशी समोर होती. तेवढ्यात रावसाहेब आले, मोटारसायकल दारात लावून, यादी झाली का बघायला. ते काही दुष्ट माणूस नव्हते, गावच्या लग्नकार्यात सगळ्यात आधी हजर, पण पाण्याचा विषय निघाला की आमच्याकडं भलेभले बदलतात. त्यांनी नावं मोजली आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले, "अण्णा, ही तर टेलची नावं न्हाईत."

"हुती. काल हुती. मी शेजारी बसून सांगितलेत."

"आसतील. पोरीकडून ऱ्हाऊन गेलं आसंल, हुतं कदी कदी. पर तुमचाच ठराव हाय. कॉम्प्युटरमधून निघंल ती खरी. आता हातानं सतरा नावं लिवली तर उद्या मी बी माजी चार लिवतो." आणि जाताना, बऱ्यापैकी प्रेमानं, "फुडल्या आवर्तनाला घेऊ की त्यांना."

पुढलं आवर्तन म्हणजे कालव्याचं पुढचं पाणी, दीड महिन्यानं. तोवर गयाबाईचा गहू उभा जळला असता. माझी वही होती, तिच्यात सतरा नावं माझ्या अक्षरात होती, पण त्या ठरावापुढं तिची किंमत शून्य होती. आणि खरं सांगायचं तर मला माझाच भरवसा वाटेना. मी सेव्ह केलं नव्हतं का? रोज दिसत होतं ते काय होतं? मी रडायला लागले. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, इतकंच म्हणाले, "सतरा म्हंजे सतरा. मी बघितलेत." आणि सायकल काढली. आई म्हणाली, आवो, दोन घास खाऊन तरी जा. ते म्हणाले, "टेलला जाऊन येतो. पारावर कळन्याआदी माझ्या तोंडून कळू दे त्यांना." भर दुपारी, उपाशी, तीन मैल सायकल मारून ते सतरा घरांना ही वाईट बातमी द्यायला गेले. मी पुढे खूप मोठमोठे अधिकारी बघितले, चूक झाली की मेल पाठवून मोकळे होणारे. अण्णांसारखा एक बघितला नाही.

घरात मी आणि आई. आई शेंगोळे करत होती. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून मळायचं, तळहातावर त्याच्या लांब वळ्या करायच्या, दोन्ही टोकं जुळवायची आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. घरभर लसणाचा वास. तिनं माझ्याकडं न बघता पिठाचा एक गोळा माझ्यापुढं सरकवला. म्हणजे रडू नको, हात चालव.

"लाईट आसती तर बघितलं आसतं गं मी," मी म्हटलं.

"न्हाई ना लाईट. मंग डोक्यानं बघ. काल दिसत हुती का नावं?"

"व्हय. संध्याकाळी सगळी दिसली."

"मंग काल आन आज काय येगळं केलं?"

मी वळी वळता वळता थांबले. आज, इतक्या वर्षांनी, हेडफोन लावून मी दिवसातून वीस वेळा हाच प्रश्न विचारते. कंपनीनं त्याचं ट्रेनिंग दिलं, पुस्तक दिलं, परीक्षा घेतली. माझी आई चौथी शिकलेली होती आणि तिनं तो चुलीपुढं बसून, पिठाच्या हातानं विचारला.

"संतोषनं मालकाच्या हक्कानं उघडलं," मी म्हटलं. "तेवढंच येगळं."

"आन तू रोज कसं उघडायचीस?"

"साधंच. कुणीबी उघडतं तसं."

आईनं वळी पाण्यात सोडली. मग म्हणाली, "मी नवी नांदायला आले तवा तुजी आजी रोज वरडायची, मीठ गेलं कुटं म्हनून. डबा घरातच. माजा हात फळीला पुरायचा न्हाई, म्हनून मी त्यो चुलीपासल्या कोनाड्यात ठिवायचे. मला रोज सापडायचा. त्यांना सापडायचा न्हाई, कारन त्या मालकीन, त्यांचा हात सरळ फळीवरच जायचा. आन फळीवर काय? मागल्या सालचा रिकामा डबा. त्यो बघून म्हनायच्या, मीठ संपलं." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुज्या त्या नव्या कॉम्प्युटरनं कोनाडा केला नसंल कशावरनं?"

मी तिला म्हटलं, आई, असं नसतं. पण म्हणतानाच मला कळलं की असं असू शकतं. फळीवर मागल्या सालचा डबा, हे तर अगदी तसंच होतं, कागदावर दिवाळीपूर्वीची यादी होती! सतरा नावं पुसली गेली असती तर बाकीचे बदलही अर्धेमुर्धे राहिले असते. इथं सगळंच्या सगळं जुनं होतं. म्हणजे ही फाईल कुणी बिघडवलेली नव्हती. ही वेगळीच फाईल होती.

चार वाजता लाईट आली तेव्हा शेंगोळ्यांचं ताट तसंच टाकून मी टेबलाशी गेले. आई पाठीमागं उभी, हात पदराला पुसत. मी यादीच्या फाईलचं नाव देऊन अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये शोध घेतला. एकच सापडली, संतोषनं ठेवली तिथं, दिवाळीआधीच्या तारखेची. "झाकलेलं बी बघ," आई म्हणाली. कोर्समध्ये मास्तरांनी एकदा दाखवलं होतं की काही फोल्डर लपवलेले असतात आणि एक खूण केली की दिसतात. ती खूण शोधायला मला पंधरा मिनिटं लागली, घड्याळाकडं बघत. पुन्हा शोध घेतला. एक रेघ हळूहळू सरकत होती. आणि मग पडद्यावर एकाच नावाच्या दोन फायली आल्या, एकीखाली एक. वरच्या फाईलवर दिवाळीआधीची तारीख, खालच्या फाईलवर कालची.

आता ह्याचं शास्त्र मला माहीत आहे. नवी सिस्टीम जुन्या प्रोग्रॅमला आपल्या मुख्य कपाटात लिहू देत नाही, पण तसं तोंडावर सांगतही नाही. तो लिहायला गेला की ती गुपचूप वापरणाऱ्याच्या नावाच्या एका झाकलेल्या खणात लिहून ठेवते, आणि वाचायला आला की तिथलंच काढून देते. संतोषनं मालकाचा हक्क दिल्यावर प्रोग्रॅम थेट कपाटात गेला, आणि तिथं जुनी फाईल आयती पडलेली होती. हे मला पुढे इंग्रजी पुस्तकात पानभर वाचायला मिळालं, आकृतीसकट. वाचताना मला आईच्या कोनाड्याची एवढी आठवण झाली की मी पुस्तक मिटून तिला फोन लावला. ती म्हणाली, "बरं, जेवलीस का?"

त्या दिवशी आईनं मला कशालाही हात लावू दिला नाही, आधी कालच्या फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. "विरजन लावायच्या आदी वाटीभर दूध काढून ठिवतेत," म्हणाली. मग मी ती फाईल जुनीच्या जागी ठेवली, प्रोग्रॅम मालकाच्या हक्कानं उघडला, आणि एकाहत्तर नावं आली. प्रिंटर खडखडला. चौथं पान निम्मं बाहेर आलं आणि शाई फिकी पडली. आईनं काय केलं असेल? तिनं प्रिंटरवर दोन थापट्या मारल्या. पान पूर्ण निघालं. ह्या थापट्यांचं शास्त्र मात्र मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

पाचला दहा कमी असताना मी कागद छातीशी धरून पाराकडं पळाले. आई सहसा पारावर येत नसे, त्या दिवशी देवळाच्या भिंतीपर्यंत आली. अण्णा टेलवाल्यांना घेऊन आले होते, चेहरा उन्हानं काळवंडलेला. गयाबाई खाली मातीत बसली होती, हातात विळा तसाच. मी कागद अण्णांना दिले. त्यांनी पहिलं नाव वाचलं, लांबच्याला आधी ह्या नियमानं ते गयाबाईचं होतं. ते त्यांनी पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचलं.

रावसाहेबांनी हात पुढं केला, कागद घेऊन नावं मोजली. "सकाळी चोपन्न हुती. आता एकाहत्तर कशी? सकाळची बी कॉम्प्युटरचीच हुती ना? मंग खरी कंची?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला खण, कपाट, मालक, काही सांगता येईना. पण पाराकडं येताना मी कागद चाळला होता, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात होती. मी म्हटलं, "चेअरमन, सकाळच्या यादीत तुमचं नवं दोन एकराचं रान न्हाई. ते दिवाळीनंतर भरलंय. ह्या यादीत हाय. तुमी म्हनाल ती खरी धरू."

मग कुणीतरी मागून खुदकन हसलं, आणि मग सगळा पार हसला. रावसाहेबांनी सकाळी टेलवाल्यांची नावं मोजली होती, स्वतःची ओळ बघितली नव्हती. त्यांनी शेवटचं पान काढलं, आपली ओळ वाचली, बराच वेळ वाचली. नंतर खिशातून पेन काढून सही केली आणि म्हणाले, "पोरगी अण्णांच्या वरताण हाय." हे मी कौतुक म्हणूनच घेतलं, आणि मला वाटतं त्यांनीही तसंच दिलं होतं.

कालवा रविवारी सुटला. टेलला पाणी पोचायला पुढचा दिवस उजाडला. आम्ही तिघं सकाळीच गेलो होतो, आईनं भाकरी बांधून घेतली होती. चारीत आधी नुसता आवाज आला, कोरड्या पाचोळ्याचा. मग पाचोळा ढकलत, फेस घेऊन, किडेमुंग्या पुढं पळवत पाणी आलं, त्याच्या दोन्ही काठांनी बगळे चालत. गयाबाईनं फावड्यानं तोंडाची माती ओढली आणि ते तिच्या गव्हात शिरलं. ती गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून पाण्यात उभी राहिली, दोन्ही हात बुडवले, तसेच ठेवले. आईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती ते लपवत नव्हती. काही वेळानं गयाबाई बांधावर आली आणि अण्णांना म्हणाली, "भाऊ, त्यो कागुद हाय का? माजं नाव कुटं लिवलंय ते तरी दावा. मला वाचाया येत न्हाई."

यादीची आणखी एक प्रत अण्णांच्या खिशात होती. त्यांनी घडी उलगडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. गयाबाईनं त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, ओलं, आणि नावावरून हळूच फिरवलं. शाई लगेच फुटली. नाव निळसर होऊन पसरलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"आगं बया! पुसलं का वो भाऊ?"

खाडाखोड होऊ नये म्हणून अख्ख्या गावाशी भांडलेल्या अण्णांनी तो कागद तसाच तिच्या हातात दिला.

"पुसू द्या," ते म्हणाले. "पानी आलंय."